खाजकुयली : ओळख, उपाय व उपयोग

पावसाळ्यात पांढुर्णा-सौंसर भागात शेतांच्या कुंपणांवर आणि सातपुड्याच्या उतारांवरील झुडपांवर एक रानवेल भराभर चढते. हीच खाजकुयली. संस्कृत वैद्यकात तिला कपिकच्छू म्हणतात, तर हकीम मंडळी कौंच. तिची पाने तीन-तीन दलांची, फुले गर्द जांभळी असतात. हिवाळ्यात वाकड्या शेंगा वाळू लागल्या की त्यांवरील सोनेरी-तपकिरी कुसे धक्क्याने वा वाऱ्याने उडतात.

काही वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगा सारखा मान खाजवीत चुळबुळ करीत होता. चाळे समजून आम्ही त्यास रागावून उभे केले. मान लालबुंद झालेली दिसली, तेव्हा कळले की मागल्या बाकावरच्या सोबत्याने गमतीने त्याच्या सदऱ्यात ही कुसे टाकली होती. ज्याला त्रास, त्यालाच शिक्षा! ही चूक आमचीच.

कुसांमध्ये म्युक्युनेन नावाचे द्रव्य असते. कूस टोचताच ते त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांस चेतविते व आग होऊन खाज सुटते. चोळल्याने कुसे अधिक रुततात व पसरतात. म्हणून प्रथम कपडे सावकाश उतरवावे. चिकटपट्टीने अगर भिजविलेल्या कणकेच्या गोळ्याने कुसे टिपून घ्यावी, आणि मगच वाहत्या पाण्याने अंग धुवावे. डोळ्यांत गेल्यास न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

बाहेर त्रासदायक असलेल्या या शेंगेच्या आत मात्र औषधी बी आहे. १९३७ साली मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी या शास्त्रज्ञांनी या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे काढले. पुढे १९६० नंतरच्या दशकात कंपवातावर त्याचा उपयोग सिद्ध झाला. आजही ते त्या रोगावरील प्रमुख औषध आहे. तथापि म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना बाजारातील कौंचाचे चूर्ण मनाने देऊ नये. त्यातील द्रव्याचे प्रमाण कमीअधिक असते; चालू औषधात त्याची भर पडल्यास मळमळ, चक्कर, प्रसंगी भ्रमही होतो.

वेल काढावयाची तर शेंगा धरण्यापूर्वी, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून काढावी. मुलांना ती दुरून दाखवून ठेवावी. आणि एखादे मूल अंग खाजवीत घरी आले, तर रागावण्यापूर्वी त्याची मान व सदऱ्याची कॉलर अवश्य पाहावी.