लासलगावच्या भावातून अर्थशास्त्राकडे

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोज एक साधा तक्ता येतो. बाजार समितीचं नाव, शेतमाल, आवक किती क्विंटल, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. बस्स, एवढंच. मागच्या काळातले दर हवे असतील तर केंद्र सरकारच्या ‘ॲगमार्कनेट’वर तारखा निवडून तेही काढता येतात. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत. अर्थशास्त्र शिकणाऱ्याने आणि शिकवणाऱ्याने पहिली पायरी इथली चढावी.

उदाहरणाला लासलगावचा कांदा घेऊ. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, ती ४० टक्के शुल्क आणि टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य या अटींवर. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. या चार तारखांच्या पुढचे-मागचे दीड-दोन महिने घ्यावेत, रोजची आवक आणि सर्वसाधारण दर आलेखाच्या कागदावर मांडावेत. बाजारात मागणीची एक वाट अचानक बंद झाली की काय होतं, हे बारावीच्या मुलांना फळ्यावरच्या रेषांपेक्षा त्या कागदावर लवकर दिसतं.

मग वर्गात प्रश्न येतोच: भाव पडला तर शेतकऱ्याने माल थांबवून का ठेवला नाही? उत्तर कांद्याच्या जातीत आहे. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा, आणि तो साठवणुकीत तग धरत नाही. काढला की विकावाच लागतो. पाठ्यपुस्तक ज्याला ‘अलवचिक पुरवठा’ म्हणतं, ते हेच. ज्या मुलाच्या घरी कांदा पिकतो त्याला हे आधीच ठाऊक असतं. त्याला फक्त त्या अनुभवाचं शास्त्रातलं नाव मिळालेलं नसतं.

ते नाव मराठीत मिळण्याची सोयही आहे. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तकं संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. भाषा संचालनालयाने तयार केलेला अर्थशास्त्र परिभाषा कोश आता ऑनलाइन शोधता येतो. इंग्रजी व्याख्यान ऐकताना एखाद्या संज्ञेला मराठीत काय म्हणायचं असा प्रश्न पडलेल्या प्राध्यापकाला त्याचा फार आधार होतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत उभा राहिलेला मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर खुला आहे. त्यातल्या अर्थशास्त्राच्या नोंदींमधली आकडेवारी जुनी झाली असेल, पण संकल्पना उलगडण्याची त्यांची शिस्त आजही उपयोगी पडते.

आणखी एक दस्तऐवज मराठी घरांत जास्त वाचला जायला हवा. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी राज्याच्या अर्थसंकल्पाआधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ प्रसिद्ध करतं, मराठीत आणि इंग्रजीत. स्पर्धा परीक्षेची मुलं ती वाचतात, पण बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी काढलेल्या चार पानांच्या टिपणातून. मूळ पाहणी उघडली तर तिथे शेती, उद्योग, सहकार, शिक्षण, आरोग्य यांचे तक्ते असतात. आपल्या जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न शेजारच्या जिल्ह्याशी ताडून पाहिलं की प्रादेशिक असमतोल हा शब्द परीक्षेपुरता राहत नाही.

कांदा बाजार समितीतून स्वयंपाकघरात गेला की सूक्ष्म अर्थशास्त्रातून स्थूल अर्थशास्त्रात प्रवेश होतो. तिथलं मुख्य साधन म्हणजे सांख्यिकी मंत्रालयाचा ग्राहक किंमत निर्देशांक. २०१२ हे आधारभूत वर्ष असलेल्या मालिकेत अन्न व पेय गटाचा भार देशासाठी ४५.८६ टक्के होता. ग्रामीण भागासाठी ५४.१८ आणि शहरी भागासाठी ३६.२९. एवढ्या तीन आकड्यांवर एक तास शिकवता येतो. भाजीपाला महागला तर खेड्यातल्या घराला झळ जास्त का बसते? भार कोण ठरवतं, कशावरून ठरवतं? घरांच्या खर्चाच्या पाहणीवरून ठरलेला भार दहा वर्षांनी तसाच लागू पडतो का? आधारभूत वर्ष बदललं की भारही बदलतात, म्हणून निर्देशांक वापरताना मालिका कोणती हे आधी पाहावं लागतं. विद्यार्थ्याला ही सवय लागली तर बरंच काम झालं.

याच आकड्यांमधून किती सुंदर अभ्यास उभा राहू शकतो, याचं उदाहरण केंद्र सरकारच्या २०१९-२०च्या आर्थिक पाहणीत आहे. तिच्यात जेवणाच्या थाळीवर एक स्वतंत्र प्रकरण होतं. २५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या सुमारे ८० केंद्रांवरच्या किमती घेऊन एका थाळीचा खर्च काढला आणि तो औद्योगिक कामगाराच्या मजुरीशी ताडून पाहिला. २००६-०७ ते २०१९-२० या काळात शाकाहारी थाळी २९ टक्क्यांनी आणि मांसाहारी थाळी १८ टक्क्यांनी अधिक परवडणारी झाली, असा निष्कर्ष निघाला. तो मान्य करायलाच हवा असं नाही. उलट विद्यार्थ्याने विचारावं: औद्योगिक कामगाराऐवजी शेतमजुराची मजुरी धरली तर? गॅसचा खर्च कसा मोजला? पाहणीची पद्धत पाहणीतच दिलेली असल्याने हे प्रश्न विचारता येतात आणि पुन्हा हिशेब करून बघता येतो.

रिझर्व्ह बँकेचं सांख्यिकी भांडार तर अथांग आहे. ‘हँडबुक ऑफ स्टॅटिस्टिक्स ऑन इंडियन इकॉनॉमी’ आणि राज्यांसाठीचं त्याचंच भावंड, दोन्ही एक्सेलमध्ये मिळतात. अमेरिकेतल्या सेंट लुईस फेडरल रिझर्व्ह बँकेचं ‘फ्रेड’ हे भांडार लाखो आकडेमालिका देतं आणि पडद्यावरच आलेख काढून देतं. स्वीडनमध्ये हान्स रोसलिंग आणि त्यांच्या कुटुंबाने उभं केलेलं ‘गॅपमाइंडर’ देशांच्या उत्पन्नाचे आणि आयुर्मानाचे बुडबुडे दोनशे वर्षांच्या पटावर चालवून दाखवतं. शाळेतल्या मुलांना त्याचं वेड लागतं, आणि लागू द्यावं.

सिद्धांत शिकवणारी साधनं इंग्रजीत आहेत, पण उत्तम आहेत. २००८च्या आर्थिक अरिष्टानंतर अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांनी तक्रार केली की जग कोसळत असताना आमच्या पुस्तकांत त्याविषयी काहीच नाही. त्या असंतोषातून २०१३ मध्ये ‘कोअर’ हा उपक्रम सुरू झाला. लंडनच्या प्राध्यापक वेंडी कार्लिन आणि अमेरिकेतले सॅम्युएल बोल्स हे त्यातले प्रमुख. त्यांचं ‘द इकॉनॉमी’ हे पाठ्यपुस्तक ऑनलाइन मोफत आहे. ते मागणी-पुरवठ्याच्या रेषांपासून सुरू होत नाही. गेल्या काही शतकांत माणसांचं राहणीमान अचानक का वाढलं आणि ते सगळीकडे सारखं का वाढलं नाही, या प्रश्नापासून सुरू होतं. विषमता, पर्यावरण, कामगार आणि मालक यांच्यातली ताकदीची ओढाताण हे सगळं त्यात पहिल्यापासून येतं.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीने २००१ मध्ये आपलं अध्यापन साहित्य जगाला मोफत देण्याचं जाहीर केलं. तिथे जोनाथन ग्रुबर यांची सूक्ष्म अर्थशास्त्राची व्याख्यानं वर्गात बसल्यासारखी ऐकता येतात. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांचा जागतिक गरिबीवरचा अभ्यासक्रमही एमआयटीनेच खुला केला. २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आणि त्यांच्या आई निर्मला बॅनर्जी, स्वतः अर्थतज्ज्ञ, माहेरच्या पाटणकर. टायलर कोवेन आणि ॲलेक्स टॅबारॉक यांची ‘मार्जिनल रेव्होल्यूशन युनिव्हर्सिटी’ छोट्या चित्रफितींतून एकेक संकल्पना शिकवते. भारत सरकारचं ‘स्वयं’ २०१७ पासून सुरू आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘ई-पीजी पाठशाला’त एम. ए. अर्थशास्त्राचे विषयवार पाठ आहेत. इंग्रजी कानावर बसत नसेल तर उपशीर्षकं लावावीत, चित्रफितीचा वेग कमी करावा आणि परिभाषा कोश शेजारी उघडा ठेवावा.

नव्याच्या ओढीत जुनं विसरू नये. कांदा उत्पादकाची जमीन एवढी तुकड्यातुकड्यांत का विभागली आहे, या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. केवळ तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, शेतीवरचा जादा भार उद्योगांकडे वळवावा लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२३चा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात आहे. हे खंड पीडीएफ स्वरूपात मोफत वाचता येतात. न्यायमूर्ती रानड्यांचे भारतीय अर्थकारणावरचे निबंध आणि दादाभाई नौरोजींचा १९०१चा ग्रंथ ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने तर आपल्या ग्रंथालयातली हजारो जुनी पुस्तकं स्कॅन करून खुली केली आहेत. १९३० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची घरोघर जाऊन सामाजिक-आर्थिक पाहणी करवली होती. पाहणी कशी करावी हे शिकायचं असेल तर त्या परंपरेइतका चांगला गुरू नाही.

संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी ‘रीपेक’ ही अर्थशास्त्रातल्या लेखांची मोठी सूची आहे. तिच्यावरून अनेकदा लेखाची मोफत प्रतही सापडते. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचं ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक पर्स्पेक्टिव्ह्ज’ सर्वांना खुलं आहे आणि गणिताच्या जंजाळात न शिरता वाचता येतं. ‘शोधगंगा’वर भारतीय विद्यापीठांतले प्रबंध मिळतात, शेतमालाच्या विपणनावरचे, सहकारी पतसंस्थांवरचे, मराठीत लिहिलेलेसुद्धा. आणि आकड्यांमागची माणसं पाहायची असतील तर पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘पारी’ आहे. तिथले वृत्तांत मराठीतही येतात. दुष्काळ, ऊसतोड, स्थलांतर यांवरचा एक वृत्तांत आणि त्याच विषयावरचा एक तक्ता एकाच तासाला समोर ठेवले तर मुलं वेगळ्या तऱ्हेने बोलू लागतात.

इंटरनेट धड चालत नाही अशा कॉलेजचं काय? तिथे एक प्रयोग कागदाच्या चिठ्ठ्यांवरही होतो. हार्वर्डच्या एडवर्ड चेंबरलिन यांनी १९४८ मध्ये वर्गातल्या बाजाराचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे व्हर्नन स्मिथ यांनी तो सुधारून वाढवला आणि २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अर्धा वर्ग विक्रेता, अर्धा ग्राहक. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर त्याचा खर्च, ग्राहकाच्या चिठ्ठीवर तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. उघड बोली लावायची आणि झालेले सौदे फळ्यावर लिहायचे. तीन-चार फेऱ्यांत भाव एका आकड्याभोवती स्थिरावू लागतो. मग एक फेरी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याच्या जुन्या पद्धतीने घ्यावी. बाजार समित्यांनी उघड लिलाव का आणला, हे मुलंच सांगतील. संगणक असतील तर हेच प्रयोग व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चार्ल्स होल्ट यांच्या ‘वेकॉनलॅब’वर मोफत घेता येतात.

काही खाचखळगे मात्र सांगायलाच हवेत. चालू किमतींचं उत्पन्न आणि स्थिर किमतींचं उत्पन्न एकाच आलेखात मिसळू नये. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिलपासून, अनेक आंतरराष्ट्रीय तक्ते जानेवारीपासून. लाख-कोटी आणि मिलियन-बिलियन यांच्या अदलाबदलीत शून्य हरवतं आणि निष्कर्ष दहापट चुकतो. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या आलेखाखाली स्रोत आणि वर्ष नसेल तर तो वर्गात आणू नये. संगणकाला विचारून मिळालेल्या तयार उत्तरात कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ असतात, तेव्हा मूळ तक्ता उघडून आकडा पडताळावा. आणि शेअर बाजाराच्या टिपा देणाऱ्या वाहिन्यांना अर्थशास्त्राचं शिक्षण समजू नये. तिथे सांगणाऱ्याचा स्वार्थ बहुधा ऐकणाऱ्यापासून लपलेला असतो.

उणीव एका जागी ठळक आहे. आकडे मराठीत आहेत, पाठ्यपुस्तक मराठीत आहे, परिभाषाही आहे. नाहीत ते या सगळ्याला जोडणारे तयार पाठ: लासलगावचा तक्ता, त्यावरचे पाच प्रश्न, लागणाऱ्या संज्ञा आणि पुढचं वाचन, हे एका ठिकाणी मांडलेलं. हे काम कुठल्या मोठ्या संस्थेची वाट पाहत अडून राहण्याचं कारण नाही. सोलापूरच्या शिक्षकाने ज्वारीवर, सांगलीच्या शिक्षिकेने हळदीवर, रत्नागिरीतल्या कुणी हापूसवर असा एकेक पाठ तयार करून सगळ्यांना खुला केला, तर मराठीतून अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या हाती त्यांच्याच बाजारपेठेतून उगवलेलं पुस्तक येईल. पुढच्या सत्राचा पहिला तास घेण्याआधी आपल्या तालुक्याच्या बाजार समितीचा तक्ता एकदा उघडून पाहा. कालची आवक आणि कालचा दर तिथे लिहिलेला आहे.