कान्हेरीच्या माथ्यावरील पाणी

मुंबईच्या उपनगरांतील कुटुंबांना डोंगरावरच्या सहलीची इच्छा झाली कीं प्रथम माथेरान आठवतें. वास्तविक बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें प्रवेशद्वार आहे आणि तेथून सुमारें ६ किलोमीटरांवर कान्हेरीचा डोंगर आहे. परंतु तेथवर जाणारी मंडळीही बहुधा तिसऱ्या क्रमांकाचें चैत्यगृह व त्याच्या ओसरींतील दोन उत्तुंग बुद्धमूर्ति पाहतात, झाडाखालीं फराळ करतात आणि माघारीं फिरतात. हें निम्मेंच दर्शन होय. कान्हेरीचें मर्म खडकांत खोदलेल्या पायऱ्यांनीं माथ्याकडे चढूं लागल्यावर कळतें.

येथें १०० हून अधिक लेणीं आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारें हजार वर्षें हा डोंगर भिक्षूंच्या वस्तीनें नांदता होता. पावसाळ्यांत येथें पाण्याला तोटा नाहीं; पण होळीनंतर हाच काळा खडक तव्यासारखा तापतो. मग एवढा संघ येथें राहिला कसा?

उत्तर चढणाऱ्याच्या पायांखालींच आहे. खडकाच्या उतारावर अरुंद पन्हळी कोरलेल्या दिसतात. वाहून जाणारें पावसाचें पाणी अडवून त्या तें लेण्यांशेजारच्या टांक्यांत नेऊन सोडतात. टांकें कातळांतच खोदलेलें असल्यामुळें तें पाणी झिरपून जात नाहीं. शिलालेखांत कल्याण, सोपारें, चौल येथील दात्यांच्या दानांची नोंद आहे, व त्यांत ‘लेण’ आणि ‘पोढी’ हे शब्द पुष्कळदां जोडीनें येतात. पोढी म्हणजे पाण्याचें टांकें. निवाऱ्याचें दान पाण्यावांचून अपुरें, हें त्या व्यापाऱ्यांना पक्कें ठाऊक होतें. ‘लेण’ मराठींत ‘लेणें’ होऊन राहिलें. पोढी मात्र नित्याच्या बोलण्यांतून गेली.

पुढें मुंबई शहरानेंही याच डोंगरांचा आश्रय केला. १८६० मध्यें विहार व १८७९ मध्यें तुळशी हे तलाव पुरे झाले. तुळशी भरला कीं पाणी विहारांत जातें, विहार भरून वाहिला कीं मिठी नदींत. भिक्षूंनीं मात्र पाऊस पडल्या जागींच धरून ठेवला होता.

नव्वदाव्या लेण्यांत १००९ व १०२१ सालीं आलेल्या पारशी प्रवाशांनीं पहलवी लिपींत आपलीं नांवें कोरलीं आहेत. प्रेक्षकांची ही हौस किती जुनी! आज तो गुन्हा आहे. पण त्याहून मोठा अपराध बिनबोभाट घडतो. पन्हळींत अडकलेली प्लॅस्टिकची एक पिशवी उतारावरचें पाणी भलतीकडे वळविते, आणि ज्या टांक्यानें शतकानुशतकें माणसें जगविलीं त्यांत बाटल्या तरंगतात.

माथा पाहावयाचा तर भाद्रपदाच्या अखेरीस जावें. टांकीं तेव्हां भरलेलीं असतात. खडक शेवाळलेला असतो, म्हणून पायांत घट्ट जोडा असावा. उद्यानांत बिबट्यांचा वास आहे. पायवाट सोडूं नये व उन्हें उतरण्यापूर्वीं खालीं यावें. सोमवारीं उद्यान बंद असतें.