दोनशे प्रती पुरेत

मराठीत कॉमिक चालत नाही, असं प्रकाशन व्यवसायातली माणसं सांगतात, आणि त्यांच्या हिशेबाने ते खोटंही नाही. रंगीत छपाई, काही हजारांची आवृत्ती, विक्रेत्याचं कमिशन, गोदामाचं भाडं आणि न खपता परत येणारे गठ्ठे एवढं सगळं मांडल्यावर कुठलाही प्रकाशक हात आखडता घेणारच. पण या हिशेबात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते. कॉमिक म्हणजे ते मुंबई-पुण्यात छापायचं, हजारांनी छापायचं आणि राज्यभर पाठवायचं. ही अट काढून टाकली तर उरतो चित्र काढणारा, त्याची गोष्ट, जवळचा छापखाना आणि दोनशे वाचक. एवढ्या भांडवलावर कॉमिक उभं राहतं, जगात अनेकदा राहिलेलं आहे, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यातून मराठी कॉमिक निघायचं असेल तर ते याच वाटेने निघेल, असं माझं ठाम मत आहे.

आपली कॉमिकशी ओळख झाली तीच मोठ्या संस्थांमार्फत. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं, ते मराठीतही निघालं, आणि वेताळ न् मँड्रेक घरोघरी पोचले. १९६७ पासून अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ आली. दोन्हींची घडी साधारण सारखी: मुंबईतलं कार्यालय, परदेशातून घेतलेली किंवा मोबदला देऊन काढून घेतलेली चित्रं, आणि रेल्वे स्टेशनपासून एसटी स्टँडपर्यंत पसरलेले विक्रेते. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं, हळूहळू स्टँडवरचे पुस्तकांचे स्टॉलही आटले, आणि कॉमिकचा जमाना सरला असं आपण मानून बसलो. सरली होती ती विकण्याची एक पद्धत. चित्रांच्या ओळीतून गोष्ट वाचण्याची गोडी कमी झाल्याचा पुरावा कुणी दिलेला नाही. उलट पुढच्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९९१ ला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. त्याच्या दोन-तीन चौकटी वर्षानुवर्षं थोरांनीही रोज सकाळी वाचल्या.

जगात या कलेची सुरुवातच स्वतःच्या हाताने झाली. जिनिव्हातले शिक्षक रोदोल्फ टॉप्फर यांनी १८३३ मध्ये ‘मस्यू जाबो’ची चित्रकथा शिळाप्रेसवर छापून घेतली. कागदावर सरळ लिहावं-काढावं आणि ते जसंच्या तसं दगडावर उतरवावं, अशी त्यांची रीत होती. चित्र आणि अक्षर एकाच हातचं, मधे खोदकाम करणारा कारागीर नाही. पुढे अमेरिकेत कॉमिकची बाजारपेठ मोठी झाली तशी निर्मात्याच्या हातून मालकी गेली. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. त्या पात्रावर पुढे अब्जावधींचा व्यवसाय झाला आणि या दोघांना हक्कासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. स्वतः छापण्यामागचं खरं कारण इथे कळतं. १९८४ मध्ये केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी ‘निन्जा टर्टल्स’चा पहिला अंक काळ्या-पांढऱ्यात, सुमारे तीन हजार प्रतींचा, उधार-उसनवारी करून स्वतः काढला, म्हणून ती कासवं त्यांची राहिली. टोकियोत डिसेंबर १९७५ मध्ये ‘कॉमिकेट’ नावाचा बाजार भरला तेव्हा त्यात ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं होती. प्रत्येकाने आपापलं छापून आणलेलं. आज त्याच बाजाराला लाखो लोक जातात, आणि जपानी कॉमिकमधले अनेक नावाजलेले चित्रकार तिथल्या टेबलांमागून पुढे आलेले आहेत.

हे सगळं परदेशातलं म्हणून बाजूला ठेवायचं कारण नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी ठाकर पिढ्यान् पिढ्या हेच करत आले. रामायण-महाभारतातले प्रसंग एकेका कागदावर रंगवायचे, त्यांची पोथी बांधायची, आणि एकेक चित्र पुढे करत गाऊन गोष्ट सांगायची. पोथी त्यांच्याच घरची, सांगणारेही तेच, श्रोता समोर बसलेला. या परंपरेचे वारस परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. याच जातीची चित्रं दिनकर केळकरांना पैठणला सापडली, म्हणून ती ‘पैठण चित्रं’ म्हणून ओळखली गेली आणि पुण्यात त्यांच्या संग्रहालयात राहिली. पैठण ते जालना अंतर किती, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. छापील जगात यायचं तर बाळ आणि श्रीकांत ठाकरे या बंधूंनी १३ ऑगस्ट १९६० ला ‘मार्मिक’ काढलं. व्यंगचित्रकाराने आपलं साप्ताहिक आपणच चालवण्याचं मराठीतलं ते सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे, आणि त्याच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, हे प्रकाशन चित्रांच्या जोरावर उभं राहिलं ही वस्तुस्थिती आहे. दिवाळी अंकांची गोष्टही विसरू नये. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेल्या या प्रथेत कितीतरी अंक एकट्या-दुकट्या माणसाने, गावातल्या दुकानांच्या जाहिराती गोळा करून काढलेले असतात. अशा धडपडीला मराठी वाचक शंभराहून अधिक वर्षं पैसे देतो आहे.

आजच्या काळात स्वतः छापणाऱ्यांत मुंबईच्या अभिजीत किणी यांचं नाव घ्यावं लागेल. त्यांनी २०१२ मध्ये ‘अँग्री मावशी’ स्वतः प्रकाशित केली आणि कॉमिकच्या जत्रेत टेबल मांडून विकली. भ्रष्ट पुढाऱ्यांना वठणीवर आणणारी ही मावशी अस्सल मुंबईची आहे, पण कॉमिकची भाषा इंग्रजी. तो दोष किणींचा नाही. विक्रीची जागा मुंबई, दिल्ली, बंगळूरूच्या जत्रांमध्ये आहे आणि तिथला खरेदीदार इंग्रजी वाचतो. नागपूरचे रोहन चक्रवर्ती शिक्षणाने दंतवैद्य. २०१० पासून त्यांनी ‘ग्रीन ह्यूमर’ नावाने वन्यजीवांवर कॉमिक काढायला घेतली, आणि तीन वर्षांत ती आंतरराष्ट्रीय वितरणासाठी निवडली गेली. तेही मुख्यतः इंग्रजीत. नर्मदेच्या धरणावरची ओरिजित सेन यांची ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ मध्ये ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरण संस्थेने काढली. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं, आणि ती एका चळवळीच्या कामातून जन्मली. या तिन्ही उदाहरणांतून मला एकच गोष्ट दिसते. विषय इथल्या मातीतला असला की कॉमिकला धार येते, पण विक्रीची जागा जिथे असेल तिथली भाषा ते उचलतं. मराठी कॉमिक हवं असेल तर विक्रीची जागा मराठी गावात आणावी लागेल.

जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. लोखंडाच्या सळ्या, बियाणं आणि मोसंबी यांसाठी तो ओळखला जातो. इथल्या गोष्टींना तोटा नाही. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला, आणि तो इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातल्या मूर्तीशी मिळताजुळता निघाला. प्राचीन भोगवर्धन ते रोम असा तो व्यापार एका चित्रकथेला भरपूर आहे. केळणेच्या काठी असईला २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. २०१२-१३ च्या दुष्काळात वाळलेल्या मोसंबीच्या बागा, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, रोलिंग मिलमधली रात्रपाळी, हे तर डोळ्यांदेखतचं. मुंबईच्या प्रकाशकाला हे विषय ‘फार स्थानिक’ वाटतील. दोनशे प्रतींना तीच गोष्ट बळ देते, कारण आपल्या शिवाराची गोष्ट विकत घेणारा माणूस त्या शिवारातच राहतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर होती. दर दहा हजारांत एक वाचक मिळाला तरी आवृत्ती जवळजवळ संपते.

छपाईचं गणितही धाकाचं नाही. ए-फोर आकाराचे आठ कागद दोन्ही बाजूंनी छापून मधे दुमडले आणि पाठीत दोन पिना मारल्या की बत्तीस पानांचं पुस्तक होतं. दोनशे प्रतींना सोळाशे कागद, म्हणजे तीन रिमांहून थोडे जास्त. वर जाड कागदाचं मुखपृष्ठ. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवायची आणि पहिल्या पानाशेजारी बत्तिसावं येतं हे लक्षात ठेवायचं, एवढीच काळजी. ऑफसेटला प्लेटचा खर्च आधी लागतो, तो हजार प्रतींवर वाटला तर परवडतो. दोनशेंसाठी डिजिटल छपाई किंवा चांगलं झेरॉक्स मशीन बरं. पुस्तकावर जीएसटी नाही, आणि आयएसबीएन क्रमांक लेखक-प्रकाशकालाही फुकट मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण जाफराबादच्या मुलीने काढलेलं कॉमिक त्यामुळे देशाच्या संग्रहात जातं. खरी अडचण टपालाची. स्वस्त नोंदणीकृत बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं आणि छोट्या प्रकाशकांची कंबर मोडली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये हा त्याचा दर, आणि बत्तीस पानी कॉमिक शंभर ग्रॅमच्या आतच भरतं. मात्र ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे. त्यात कॉमिक बसतं की नाही, हे काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर राहू नये.

मग फोनवर फुकट का टाकू नये, असा प्रश्न येतोच. जरूर टाकावं, ओळख त्यानेच होते. पण फोनवरचं चित्र क्षणात वर सरकतं आणि त्याचा मालक कुणालाच आठवत नाही. दोघांनी मिळून एक पान बघत बसणं, शाळेच्या पेटीत ते दहा वर्षं राहणं, हे कागदावरच होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: संपादक नसेल तर दर्जा कोण राखणार? हा धोका खराच आहे. शुद्धलेखनाच्या चुका, कुठली चौकट आधी वाचायची हे न कळणं, फुग्यात दाटीवाटीने कोंबलेली अक्षरं, असलं काम स्वतः छापणाऱ्यांत सर्रास दिसतं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी वाक्य गुदमरतं. यावर इलाज कष्टाचाच आहे. संवाद आधी लिहावेत, फुगा त्यांच्या मापाने काढावा, अक्षर हातचं ठेवावं, आणि छापण्याआधी कच्ची प्रत मराठीच्या शिक्षकाला आणि एखाद्या बारा वर्षांच्या मुलाला वाचायला द्यावी. मोठ्या प्रकाशकाकडेही चांगला संपादक मिळेलच असं नाही. इथे चूक सुधारायला मात्र पुढची दोनशेंची आवृत्ती हाताशी असते.

पोट भरेल का, हा तिसरा प्रश्न, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर नाही असं आहे. निदान पहिली काही वर्षं नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क निर्मात्याचा असतो, तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि नोंदणी न करताही तो लागू असतो. हक्क विकला नाही तर उद्या कुणी भाषांतर किंवा चित्रपट करायला आलं तर सही लेखकाचीच लागते. आणि ज्याला पुस्तकाचाही खर्च झेपत नाही, त्याच्यासाठी शरद शर्मांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने रुळवलेली वाट आहे: चार चौकटींची गोष्ट काढायची, झेरॉक्स करून कागद जोडायचे आणि पारावर, रेशन दुकानाच्या भिंतीवर चिकटवायचे. चित्रकला न शिकलेल्या माणसांनी गावच्या पाण्यावर, बालविवाहावर अशा गोष्टी काढल्या आहेत, आणि त्या उभ्याने वाचल्या जातात.

एका बाबतीत मात्र एकट्याने भागत नाही, ती म्हणजे विक्रीची जागा. ग्रंथालय संचालनालय दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यात ग्रंथोत्सव भरवतं, तिथे स्वतः कॉमिक काढणाऱ्यांसाठी एक टेबल बिनभाड्याने ठेवता येईल. अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्या तालुक्यातल्या कॉमिकच्या दोन प्रती विकत घेता येतील. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा अशा आठ तालुक्यांतून मिळून पन्नास प्रती जरी गेल्या, तरी पहिल्या आवृत्तीचा चौथा हिस्सा तिथेच संपतो, आणि उरलेल्या दीडशेंसाठी मोंढ्यातल्या एखाद्या बियाण्याच्या दुकानाची मागच्या पानावरची जाहिरात मागायला चित्रकाराला संकोच वाटायचं कारण नाही.