पाण्याखालची दोन गावे

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील डर्वेंट नदी ब्लीकलोच्या दलदलीच्या पठारावर उगम पावते व दक्षिणेकडे वाहत जाऊन ट्रेंट नदीस मिळते. तिचे वरचे खोरे अरुंद, दोन्ही अंगांस उंच डोंगरउतार आणि पाऊसही भरपूर. मेंढपाळांच्या या खोऱ्याचे हेच गुण औद्योगिक शहरांच्या नजरेत भरले.

शेफिल्ड, डर्बी, नॉटिंगहॅम व लेस्टर या शहरांना पाणी पुरविण्यासाठी १८९९ मध्ये कायदा झाला. हाऊडन व डर्वेंट ही दगडी धरणे उभी राहिली. पण शहरांची तहान वाढतच गेली. १९३५ मध्ये लेडीबाउअरच्या मातीच्या धरणाचे काम सुरू झाले आणि डर्वेंट व अॅशॉप्टन या गावांना जलसमाधी मिळणार हे निश्चित झाले. अनेक कुटुंबांना जवळच यॉर्कशायर ब्रिज येथे नवी घरे मिळाली. चर्चच्या आवारातील मृतांचे अवशेषही बॅमफर्ड येथे हलवून पुन्हा दफन करण्यात आले. ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेल्या जुन्या पुलाच्या दगडांना क्रमांक देऊन तो पुढे नदीच्या वरच्या अंगास पुन्हा उभारला गेला.

१९४५ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. चर्चचा मनोरा तेवढा पाण्याबाहेर डोकावत असे. १९४७ मध्ये तोही पाडण्यात आला.

२०१८ च्या कोरड्या हंगामात पाणी ओसरले आणि डर्वेंट गावाचे भग्नावशेष पुन्हा दिसू लागले. ते पाहण्यास लोकांनी गर्दी केली. शहरांच्या नळांना आलेल्या पाण्याच्या जमाखर्चात खर्चाची बाजू कोणी सोसली, हे त्या चिखलातील दगडांनी सर्वांना दाखविले.