तीन पायांचं चितळ दिसलं तर?

आज आपण जरा अवघड विषयावर बोलणार आहोत. पांढरकवडा-घाटंजीकडे टिपेश्वरच्या काठाला किंवा उमरखेडकडे पैनगंगा अभयारण्याच्या बाजूला ज्यांची वावरं आहेत, त्यांना असं जनावर कधी ना कधी दिसतं. चितळांचा कळप हरभऱ्यात उतरतो. त्यातली एक मादी उड्या घेत घेत चालते. नीट पाहिलं तर मागचा एक पाय गुडघ्याखाली नाहीच. पाहून पोटात कालवतं.

मग घरी आणि पारावर बोलणं निघतं. कोणी म्हणतं, "बिचारीचे हाल पाहवत नाहीत, कोणी बंदूकवाल्याने एकदाचं मोकळं करावं तिला." दुसरं कोणी हळूच म्हणतं, "तसंही वाघ नाहीतर कुत्रे खाणारच आहेत, मग आपणच का नको?" पहिल्या बोलण्यात दया आहे. दुसऱ्यात दयेच्या आडून मटणाची गोष्ट आहे. दोन्ही बोलणी आपल्याच घरांतली आहेत, म्हणून दोन्हींचा विचार करू.

आधी हे पाहू की लंगडं झालेलं हरीण मरायलाच टेकलेलं असतं का? नसतं. पाय तुटला तेव्हाचे काही दिवस फार वाईट असतात. रक्त जातं, जखम चिघळते, माश्या बसतात, अळ्या पडतात. बरीच जनावरं याच दिवसांत मरतात. पण जे त्यातून तगतं, त्याचं थोटूक वाळतं, त्यावर जाड कातडी येते आणि जनावर तीन पायांवर तोल सांभाळायला शिकतं. चार पायांच्या जनावराचा जास्त भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून मागचा पाय गेलेलं हरीण पुढचा पाय गेलेल्यापेक्षा सहसा बरं सावरतं. त्याला मागच्या पायांवर उभं राहून उंच फांदीचा पाला ओढता येत नाही. पण चितळाचं मुख्य खाणं गवत. शिवाय झाडावरची वानरं खाली टाकतात तो पाला, ती फळं वेचायला चितळं येतातच. तीन पायांच्या माद्या पाडस वाढवताना जगभर दिसलेल्या आहेत. आपल्या डोळ्यांना जे हाल वाटतात, ते त्या जनावराचं रोजचं चालणं झालेलं असतं.

परदेशातही हा वाद आहे. अमेरिकेत आणि युरोपात हरणांची शिकार कायद्याने चालते. हंगाम ठरलेला असतो, परवाना काढावा लागतो. तिथले शिकारीही एकमेकांना विचारतात की तीन पायांचं हरीण समोर आलं तर आधी त्याला मारावं की जाऊ द्यावं? जर्मनीच्या शिकार कायद्यात तर असं आहे की गंभीर आजारी किंवा जायबंदी जनावराला उगाच वेदना होऊ नयेत म्हणून शिकाऱ्याने त्याला लगेच मारावं. पकडून उपचार करता येत असतील तर गोष्ट वेगळी. पण तिथेही सगळा भर 'गंभीर' या शब्दावर आहे. जखम भरून आलेलं, कळपाबरोबर चरणारं हरीण त्यात बसत नाही.

आता आपल्याकडचा कायदा. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे हौसेची शिकार बंद झाली. कलम ९ प्रमाणे शिकारीला मनाई आहे. आणि शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. कायद्याच्या व्याख्येत विष घालणं, फास लावणं, पकडणं, जखमी करणं, हाकून सापळ्यात नेणं, हे सगळं शिकारच आहे. तसा नुसता प्रयत्न केला तरी शिकार धरतात.

याच कायद्यात कलम ११ आहे. जनावर माणसाच्या जिवावर उठलेलं असेल, किंवा इतकं जायबंदी वा आजारी असेल की बरं होण्याची आशाच उरलेली नाही, तर त्याला मारण्याची परवानगी देता येते. ती परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात. चितळ, रोही, रानडुक्कर अशा जनावरांच्या बाबतीत त्यांनी अधिकार दिलेला अधिकारीही देऊ शकतो. हुकूम लेखी लागतो आणि त्यात कारण लिहावं लागतं. वाघासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या जनावरासाठी आणखी कडक अट आहे. त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही, अशी खात्री झाल्याशिवाय मारण्याचा हुकूम देता येत नाही.

या कलमाची आपल्या जिल्ह्याला चांगली ओळख आहे. राळेगाव-पांढरकवडा भागातली अवनी वाघीण, टी-१, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जात होते. ती माणसाच्या जिवाला धोका आहे, म्हणून हा हुकूम निघाला होता. प्रकरण उच्च न्यायालयात, सर्वोच्च न्यायालयात गेलं. हुकूम असूनही ती कशी मारली, आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न खरंच झाला का, यावर पुढे खूप दिवस वाद चालला. गावोगाव बायका जीव मुठीत धरून वावरात जात होत्या, तेव्हासुद्धा एका जनावराला मारण्यापूर्वी एवढं सगळं पाहावं लागलं. मग कोणालाही इजा न करणाऱ्या लंगड्या चितळाचा निकाल पारावर कसा लागेल?

कायदा इतका हात आखडता का घेतो, याला कारणं आहेत. "बिचारीला मोकळं करतो" असं म्हणत प्रत्येक जण बंदूक उचलू लागला, तर उद्या प्रत्येक मेलेलं चितळ आधी लंगडंच होतं असं ठरेल. दुसरं, गोळी दरवेळी नेमकी बसत नाही. अर्धवट लागलेली गोळी म्हणजे त्या जनावराचे आणखी हाल. जिम कॉर्बेट यांनी लिहून ठेवलं आहे की त्यांनी मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे सुळे कोणाच्या तरी जुन्या गोळीने तुटलेले होते, आणि त्यामुळे तिला नेहमीची शिकार करता येत नव्हती. तिसरं, टिपेश्वरसारख्या जंगलात अशक्त जनावर वाघाच्या, रानकुत्र्यांच्या वाट्याला जातं. ते मरण बघवत नाही, पण वाया जात नाही. वाघाला रानात खायला मिळालं तर तो गोठ्याकडे कमी वळतो, हेही आपल्याच फायद्याचं आहे.

दयामरणाचा हा वाद आपल्या देशात फार पूर्वी झालेला आहे. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेने तळमळत होतं. त्याला कूसही बदलता येत नव्हती. उपचार करून झाले, डॉक्टरांनी आशा सोडली. तेव्हा गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी बोलून त्याला इंजेक्शन देववलं आणि त्याची सुटका केली. लोक खवळले, रागाची पत्रं आली. गांधीजींनी 'नवजीवन'मध्ये आपली बाजू मांडली. त्याच लेखात त्यांनी आश्रमाच्या पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांचाही प्रश्न घेतला होता. त्यांचं म्हणणं असं की वासराला मारलं ते त्याच्या दुःखासाठी, त्यात आपला स्वार्थ नव्हता. माकडांना मारलं तर ते आपलं पीक वाचवण्यासाठी, म्हणून ती हिंसाच.

गांधीजींचं सगळं आपल्याला पटो न पटो, त्यांनी केलेला हा भेद कामाचा आहे. जनावराच्या दुःखासाठी मारणं आणि आपल्या नुकसानीसाठी मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोही-डुकरांनी तूर, सोयाबीन फस्त केलं की घरात काय होतं, ते आम्हाला कोणी सांगायला नको. रात्रीची जागल आपल्याच घरातली माणसं करतात. पण त्याची वाट वेगळी आहे. वनविभागाकडे पंचनामा करून भरपाई मागायची, झुंडच त्रास देत असेल तर ग्रामपंचायतीमार्फत अर्ज करायचा. त्या रागाचा हिशोब लंगड्या चितळावर चुकता करायचा नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चितळाचा पाय आपोआप जात नाही. कधी रस्त्यावर गाडीची धडक बसते, कधी गावकुत्री फाडतात. पण थोटूक सरळ कापल्यासारखं दिसत असेल, तर बहुतेक वेळा तो तारेचा फास असतो. डुकरासाठी किंवा सशासाठी धुऱ्यावर, पाणवठ्याच्या वाटेवर गाडीच्या क्लच वायरचा फास लावतात. त्यात पाय अडकतो, जनावर ओढतं, तार रुतत जाते आणि पाय सडून गळतो. फास लावणाऱ्याला डूक्कर हवं असतं, पण तार माणसाला विचारून आवळत नाही. याच टिपेश्वरच्या जंगलात मानेत तारेचा फास रुतलेली वाघीण फिरत होती. तिला बेशुद्ध करून वनविभागाच्या पथकाला तो फास काढावा लागला.

याहून वाईट आहे कुंपणाला सोडलेला करंट. मेन लाइनचा करंट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्याने जनावरंच नाही, पहाटे वावरात जाणारी माणसंही मरतात. सोलरवरचं झटका मशीन वेगळं. ते थांबून थांबून क्षणभराचा झटका देतं, जनावर दचकून मागे फिरतं. आपल्या घरच्या वावरात नेमकं काय जोडलेलं आहे, हे घरातल्या बाईला माहीत असायलाच हवं.

मग असं जनावर दिसलं तर काय करायचं? आधी लांबून पाहा. थोटूक वाळलेलं आहे, जनावर चरतंय, कान हलवतंय, आपल्याला पाहून कळपाबरोबर पळतंय, तर ते जगतंय. त्याच्या मागे लागू नका. फक्त आपल्या भागातल्या वनरक्षकाला सांगा, कारण जवळपास आणखी फास असू शकतात. जखम ताजी आहे, हाड बाहेर आलंय, तार अजून अडकलेली आहे, अळ्या पडल्यात किंवा माणूस जवळ गेलं तरी उठवत नाही, तर लगेच १९२६ या नंबरवर फोन करा. ही वनविभागाची हेल्पलाइन आहे, फोनचे पैसे पडत नाहीत. गाव, शिवार आणि ओळखीची खूण नीट सांगा.

माणसं येईपर्यंत कुत्र्यांना आणि गर्दीला लांब ठेवा, पोरांना मोबाईलवर फोटो काढायला जवळ जाऊ देऊ नका. तोंडात पाणी ओतू नका. हरणाची जात फार भित्री. पाठलाग केला, दोरीने बांधलं तर भीतीनेच त्याचं अंग तापतं, स्नायू खराब होतात आणि वरून बरं दिसणारं जनावर काही तासांनी, कधी दोन-चार दिवसांनी मरतं. विहिरीत पडलेल्या हरणालाही आरडाओरडा न करता वनविभागाच्या लोकांनाच काढू द्या. गरज पडली तर ते पुढे नागपूरला नेतात. सेमिनरी हिल्सवर उपचार केंद्र आहे, गोरेवाड्यालाही बचाव केंद्र आहे. बरं होणारच नाही असं डॉक्टरांनी तपासून ठरवलं, तर पुढचा निर्णय कायद्याने अधिकारी घेतील. तो भार आपल्या डोक्यावर नाही.

गवतात एकटं बसलेलं पाडस म्हणजे टाकून दिलेलं पाडस नव्हे. आई चरायला गेलेली असते, ती परत येते. त्याला घरी आणून बाटलीने दूध पाजू नका. रानातलं जनावर घरी ठेवणं गुन्हा आहे.

मेलेल्या जनावराचं मटणही घ्यायचं नाही. शिकार झालेलं किंवा मेलेलं सापडलेलं वन्यप्राणी कायद्याने सरकारी मालमत्ता असतं. चितळाच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अभयारण्याच्या आत शिकार झाली, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजार दंड. घरात शिजवायला आलेल्या पिशवीत काय आहे हे विचारायचा हक्क आपल्याला आहे, कारण चौकशी आली की ती चुलीपर्यंत येते. वकिलाचे पैसेही मग बचत गटाच्या कर्जातून जातात.

तर मैत्रिणींनो, लंगड्या चितळाला गोळी घालावी का, याचं आमचं उत्तर असं आहे: चालतं-फिरतं असेल तर जगू द्यावं, तळमळत असेल तर १९२६ ला फोन करावा, आणि दोन्ही वेळा तो फास शोधावा. येत्या बैठकीत आपल्या गटात हा विषय काढा. हरभरा निघेपर्यंत धुऱ्यावर जाताना डोळे उघडे ठेवा. तार दिसली तर हात न लावता आधी वनरक्षकाला दाखवा, तारेत करंट असू शकतो. पुढच्या वेळी झटका मशीनसाठी अनुदानाचा अर्ज कसा करायचा यावर बोलू. नमस्कार.