साईट ऑफिसमध्ये उघडते, कॅफेत का नाही? आणि मायक्रोसॉफ्टने कॉर्प डॉट कॉम का विकत घेतलं?

ऑफिसच्या वायफायवर पगाराची स्लिप दाखवणारी साईट एका क्लिकवर उघडते. तोच लॅपटॉप घेऊन कॅफेत बसलात की तीच लिंक उघडतच नाही, नाहीतर आधी व्हीपीएन लावा म्हणते. मग बदललं काय?

डीएनएसचं उत्तर.

डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा. पण तिने सगळ्यांना एकच पत्ता द्यावा असं काही बंधन नाही. सोसायटीचा वॉचमन कसा, आतल्या माणसाला सांगतो 'पाटील काका गच्चीवर आहेत' आणि बाहेरच्याला म्हणतो 'गेटवरच थांबा'. तसंच. बाईंड या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'व्ह्यू' लिहितात. प्रश्न ऑफिसच्या नेटवर्कमधून आला तर १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता द्यायचा, बाकीच्यांना बाहेरचा. यात क्रम चुकला की संपलं. बाईंड वरून खाली बघत येतं आणि जो व्ह्यू आधी जुळेल तोच लावतं. 'सगळ्यांसाठी'चा व्ह्यू वर लिहिला, तर ऑफिसातली माणसंही बाहेरची ठरतात.

तुम्ही लॅपटॉपला गुगलचा ८.८.८.८ हा डीएनएस लावून ठेवला असेल तरी तेच. तुमचा प्रश्न ऑफिसच्या सर्व्हरला विचारलाच जात नाही. (आयटीवाल्यांवर चिडण्याआधी हे तपासा.)

इथवर गैरसोय फक्त. धोका वेगळाच आहे. आतल्या नेटवर्कला कुठलंही नाव देता येतं, अगदी आपल्या मालकीचं नसलेलंही. विंडोज २००० सर्व्हरच्या काळात ॲक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये उदाहरण म्हणून 'कॉर्प' हे नाव दिलेलं असायचं. बऱ्याच कंपन्यांनी ते तसंच ठेवलं. ऑफिसात हे नाव विचारलं की आतला सर्व्हर उत्तर द्यायचा. लॅपटॉप बाहेर गेला की तोच प्रश्न खुल्या इंटरनेटवर, आणि काही वेळा थेट कॉर्प डॉट कॉम या खऱ्या डोमेनवर जायचा. म्हणजे दुसऱ्याच गावात जाऊन 'पाटील काका कुठे राहतात' विचारायचं आणि जो पाटील भेटेल त्याच्या हातात घराची किल्ली द्यायची.

हे डोमेन १९९४ पासून अमेरिकेतल्या एका माणसाकडे होतं. २०१९ मध्ये तिथे येणारी ट्रॅफिक तपासली गेली, तेव्हा ३ लाख ७५ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर तिकडे माहिती पाठवू पाहत होते. त्यात कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये लॉगिन करण्याचे प्रयत्नही होते. २०२० मध्ये मालकाने ते १७ लाख डॉलरला विकायला काढलं. चुकीच्या माणसाने घेतलं असतं तर त्याला फक्त बसून पासवर्डची वाट बघायची होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टनेच ते घेतलं. किती रुपड्यांना, ते सांगितलं नाही.

आता आतल्या नेटवर्कसाठी आपण विकत घेतलेल्या डोमेनचंच एखादं उपनाव वापरा, असं सांगितलं जातं. शिवाय २०२४ मध्ये आयकॅनने डॉट इंटर्नल हे टोक खासगी नेटवर्कसाठी कायमचं राखून ठेवलंय. ते बाहेर कोणालाच विकलं जाणार नाही.