घरी बसलेलं पोरगं मोकळं नसतं!



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत, हिशेब तपासणाऱ्या फर्ममध्ये नोकरीला असलेली आपली पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली. ओसरीवर, माडीवर, जिथं रेंज मिळेल तिथं बसून काम करू लागली. आई-बापांना बरं वाटलं. पण एक घोटाळा झाला. पोरगं घरात दिसतंय म्हणजे मोकळंच आहे, असं आपण धरून चाललो. 'जरा मोटर चालू करून ये', 'सोसायटीत जाऊन ये'. तिकडं साहेब मिटिंगमध्ये नाव पुकारतोय आणि हा बांधावर! सुनेचं तर विचारूच नका. काम कंपनीचं, शिवाय पाहुण्यांचा चहाही तिच्याकडंच.

घरून काम नीट होतं का? चीनमधील ट्रिप डॉट कॉम या प्रवास कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात आले. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांचं काम कमी पडलं नाही, उलट नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं.

मग कंपन्या परत का बोलावतात? टीसीएसने २०२० साली जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोक कार्यालयात लागणार नाहीत. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस कार्यालयात यायला सांगितलं. कंपन्यांचं म्हणणं असं, की नवा माणूस जुन्याशेजारी बसूनच शिकतो. ते अगदीच खोटं नाही. डोळा भरायला पुस्तक वाचून कुणी शिकलंय का? जाणत्याचा हात बघूनच शिकावं लागतं.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, पोराच्या किंवा सुनेच्या कामाची वेळ विचारून घ्या. तेवढा वेळ ती माणसं कचेरीत आहेत असंच समजा.

दोन, मुलगा घरी आहे म्हणून त्याच्या भरवशावर चार म्हशी वाढवू नका की रोज तोडणीचा भाजीपाला लावू नका. उद्या कंपनीचं बोलावणं आलं तर गोठा कोण बघणार? मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवा, म्हणजे निदान तो हेलपाटा वाचेल.

तीन, सरपंच आणि ग्रामसेवकांनी मनावर घ्यावं. भारतनेटची फायबर पंचायतीपर्यंत पोहोचून चालू असेल, तर वाचनालयाची एक खोली, दोन टेबलं आणि एक इन्व्हर्टर एवढ्यावर गावातच कामाची जागा होते. वीज गेली म्हणून कुणाची नोकरी जायला नको.

नांगर धरलेल्या माणसाला आपण मध्येच हाक मारत नाही. लॅपटॉपपुढं बसलेल्यालाही तेवढाच मान द्या.